आखरावरची पॅकार्ड

आंधळगावात येऊन टिकारामचं घर विचारलंत, तर लोक घर सांगत नाहीत. आधी खात्री करून घेतात, "बगळ्यावाला का?" बगळा म्हणजे टिकारामच्या गाडीच्या नाकावर बसवलेला चकचकीत पक्षी. अमेरिकेत त्याला काय म्हणत असतील ते म्हणोत. आमच्या बोड्यांच्या, म्हणजे छोट्या तळ्यांच्या, मुलखात लांब मानेचा पक्षी म्हणजे बगळा, विषय संपला.

गाडी पॅकार्ड. देश स्वतंत्र झाला त्याच सुमाराची, दोन दारांची, पाठीकडून अशी उतरत गेलेली की पावसाचा थेंब तिच्यावर टिकायला लाजतो. आठ सिलिंडरचं इंजिन, आतलं घड्याळ अजून चालू. टिकारामच्या हातातलं बंद. इकडच्या मँगनीजच्या खाणीत कमावलेल्या एका ठेकेदारानं ती हौसेनं मागवली होती, आणि टिकारामचा बाप आनंदराव त्याचा ड्रायव्हर होता. ठेकेदार म्हातारा झाला, पोरांकडे कलकत्त्याला निघाला आणि जाताना किल्ली आनंदरावाच्या हातात देऊन म्हणाला, "चलती रखना." का दिली ते कोणाला कळलं नाही. आनंदरावालाही नाही. पण माणूस सांगून गेला म्हणून त्यानं ती चालती ठेवली, आणि तो गेल्यावर टिकारामनं.

ठेवली म्हणजे कशी, ते रुखमिणीला विचारा. रुखमिणी टिकारामची बायको. ती गाडीला सवत म्हणते. "मी खोकलली तं हे म्हणते, काढा पी. सवत खोकलली का नागपूरले नेते." पावसाळ्यात स्वयंपाकघर गळलं तर टिकाराम खाली गंज, म्हणजे पातेलं, ठेवायचा. गाडीच्या छपरीतून एक थेंब आला तर लगेच शिडी लावायचा. उंदरानं वायरी कुरतडू नये म्हणून सीटखाली कडुनिंबाचा पाला, आणि घरातल्या धानाच्या पोत्यांची राखण देवावर.

तर अशी ही गाडी टिकारामनं विकायला काढली. काहून? गुडघा. डाव्या पायाचा गुडघा मागच्या वर्षी असा काही रुसला की पॅकार्डचा क्लच दबेना. तो क्लच म्हणजे आजकालच्या गाड्यांसारखा गुळगुळीत नाही, दाबायला मांडीत जोर लागतो. पोरगा चंद्रकुमार तुमसरला राइस मिलमध्ये कामाला, सकाळी मोटारसायकलवर जातो, संध्याकाळी येतो. त्याला गाडीचं विचारलं तर म्हणतो, "बाबा, थे तुमची होय. मले तिच्यात बसलो का शाळेत बसल्यासारखं वाटते." म्हणजे चालवणारं कोणी नाही. आणि उभी ठेवली तर गाडी मरते, हे टिकारामला पक्कं माहीत होतं. ती मेलेली पाहण्यापेक्षा दुसऱ्याच्या हातात चाललेली बरी, असं त्यानं छातीवर दगड ठेवून ठरवलं आणि चंद्रकुमारकडून मोबाइलवर जाहिरात टाकून घेतली. मजकूर स्वतः सांगितला: "जुनी पण तब्येतीनं खणखणीत. घरी चालवणारं कोणी नाही म्हणून विकणे आहे. नुसती उभी ठेवणाऱ्यानं फोन करू नये."

आता ठरवणं वेगळं आणि विकणं वेगळं. पहिला आला तो लग्नाचं लॉन भाड्यानं देणारा. त्याला ती दारात ठेवून तिच्यावर लाइटिंग सोडायची होती. टिकारामनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसऱ्याला तिच्यात डिझेलचं इंजिन बसवायचं होतं. त्याला चहासुद्धा नाही मिळाला. तिसरा चांगला माणूस होता, तर टिकारामनं स्वतःच गाडीचे दोष सांगायला सुरुवात केली आणि नसलेलेही दोन सांगितले. गाव मजा पाहत होतं. तुलाराम तर वाटच पाहत होता.

तुलाराम म्हणजे टिकारामचा लंगोटीयार. त्यानं मागं आपली म्हातारी बैलजोडी विकली तेव्हा टिकारामनं भर चौकात त्याला धुतला होता, "म्हातारा झाला म्हणून बैल विकतं का कोणी, निर्दया?" आता तुलाराम रोज त्याच चौकात विचारायचा, "काय गा टिकाराम, म्हातारा बैल गेला का?"

आणि हे टिकारामला नेमकं झोंबायचं. कारण गाडीला बैल टिकारामच्याच घराण्यानं केलं होतं. आनंदराव ड्रायव्हर माणूस, जमीन नावाला, बैल नाहीच. पोळ्याला सारं गाव बैल सजवून आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर, तोरणाखाली उभं राहायचं आणि हा रिकाम्या हातानं कडेला. ज्या वर्षी गाडी मिळाली त्या वर्षी पठ्ठ्यानं ती लोटत लोटत नेऊन बैलांच्या रांगेत उभी केली. लोटत कायले? तर पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. त्या दिवशी त्याला कामच नाही. मग गाडीचं इंजिन कसं सुरू करायचं? लोक हसले, पण कोणी हाकललं नाही. तेव्हापासून पोळ्याला ती आखरावर जाते आणि लोटतच जाते. आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात, तसे तिचे पुढचे मडगार्ड चोळतात. तिच्या कानाशी, म्हणजे आरशाशी, तोंड नेऊन उद्याच्या जेवणाचं आवतनही देतात. जेवण अर्थात ती जेवत नाही, म्हणून तिच्या वाट्याची पुरणपोळी टिकाराम खातो. ही रीत मात्र टिकारामनं स्वतः सुरू केली.

आणखी एक रीत होती. आमच्याकडे बाईनं नांगर धरायचा नसतो, असं जुने लोक मानायचे. गाडी बैल, तर स्टिअरिंग काय झालं? जू. सून डिंपल नवी नवी घरात आली तेव्हा गाडी पुसता पुसता हौसेनं ड्रायव्हरच्या जागी बसली होती. टिकारामनं तिला गोड बोलून उतरवलं आणि वरून शुद्धीसाठी स्टिअरिंगला हळद लावली. डिंपल माहेरी बापाचा छोटा हत्ती, म्हणजे मालवाहू टेम्पो, चालवायची, भाजीपाल्याची पोती घेऊन बाजाराला जायची. हे टिकारामला लग्न ठरवताना सांगितलं होतं. त्यानं मान डोलावली आणि विसरून गेला.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून धनंजय नावाच्या माणसाचा फोन आला. छापखाना चालवतो, जुन्या गाड्यांचं वेड, दोन गाड्या घरी आहेत आणि दर रविवारी स्वतः चालवतो. टिकाराम अडचणीत सापडला. याला नाही कसं म्हणायचं? हा तर जाहिरातीत लिहिला तस्साच माणूस निघाला. "कधी येऊ, काकाजी?" त्यानं विचारलं. टिकाराम काही बह्याड नव्हता. "उद्याच या," म्हणाला. उद्या पोळा, उद्या गाडी सुरू होणार नाही, आणि न चालवता गाडी घेणारा नागपुरात अजून जन्मायचा आहे.

धनंजय आला. पांढरी पँट घालून आला, बिचारा. गाडी दिसताच तिच्याकडं धावला. सभोवार फिरला, वाकला, मडगार्डवर हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "काकाजी, हा हस्तिदंती रंग या मॉडेलला कंपनीनं दिल्याचं माझ्या वाचनात नाही. फार दुर्मीळ दिसतो."

"हळद होय थे," टिकाराम म्हणाला.

"हळद?"

"बापापासून चोळून रायलो. मूळची पांढरी होती."

मागं भिंतीशी डिंपलनं पदर तोंडात कोंबला. धनंजयनं बोट नाकाशी नेऊन वास घेतला, आणि तिथेच गाडीच्या आणखी प्रेमात पडला. मग म्हणाला, "एक चक्कर मारून पाहू?" टिकारामनं चेहरा जमेल तेवढा पाडून सांगितलं की आज पोळा, आज हिला सुट्टी. सुरू करता येत नाही.

"मग आखरावर कशी जाईल?"

"लोटत."

"कोण लोटणार?"

टिकारामनं त्याच्या पांढऱ्या पँटकडं पाहिलं.

अशा रीतीनं नागपूरचा माणूस गाडी चालवायला आला आणि चिखलातून लोटत गेला. गल्लीतली झाडून सारी माणसं मदतीला आली. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली: लोटायची सवय या गल्लीला फारच चांगली होती. कोणी कुठं हात लावायचा, वळणावर कोणी थांबायचं, काही सांगावं लागलं नाही. "वर्षातून एकदाच लोटता ना?" त्यानं शेजारच्या माणसाला विचारलं. तो माणूस एकदम बोडीकडं पाहायला लागला.

आखरावर बैल थोडेच उरलेत आता, पण झडत्या जोरात होतात. झडती म्हणजे तोरणाखाली उभं राहून एकमेकांना चिमटे काढणारी तुकबंदी. बायका आखरावर येत नाहीत, त्यामुळे गड्यांच्या जिभा त्या दिवशी मोकळ्या असतात. तुलाराम पुढं आला, फेटा सरळ केला आणि गळा काढून म्हणाला:

"बोडीवरचा बगळा, उडे भर दुपारी,
मालक घोरे घरी, बगळा करडीच्या शिवारी!"

"हर हर महादेव!" आखर गरजला आणि लोक असे हसले की दोन बैल बुजले. टिकारामही हसला. न हसण्यासारखं त्याला त्यात काही कळलं नव्हतं. आखरावर त्या दिवशी या झडतीचा अर्थ न समजलेली दोनच माणसं होती, एक नागपूरचा पाहुणा आणि एक बगळ्याचा मालक.

घरी आल्यावर रुखमिणीनं रीतीप्रमाणे चाकांवर पाणी घातलं, बगळ्याला कुंकू लावलं, नैवेद्याचं ताट पुढं केलं. टिकारामनं गाडीच्या वतीनं जेवण केलं. धनंजयला पोळ्याच्या दिवशी कोण जाऊ देणार? ठेवून घेतलं. आणि मग टिकारामच्या ध्यानात आलं की आपण लई हुशारी केली खरी, पण पोळा एकच दिवसाचा असतो.

सकाळी तान्हा पोळा, गल्लीत लाकडी बैल ओढणारी पोरं. आता कारण उरलं नव्हतं. टिकारामनं किल्ली धनंजयच्या हातावर ठेवली आणि दुसरीकडं पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

धनंजय आत बसला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडकले. "काकाजी, तुम्ही इतके उंच. सीट एवढी पुढं कशी?"

"पुढं?" टिकाराम जवळ आला. खरंच पुढं होती. "सरकली असन."

सीट मागं केली, इंजिन पहिल्या हाकेला बोललं. धनंजयनं भुवया उंचावल्या. छपरीतून गाडी उलटी काढायची, मग फाटकातून, आणि फाटक म्हणजे गाडीपेक्षा जेमतेम रुंद. धनंजयनं एकदा प्रयत्न केला, खांब आडवा आला. पुन्हा पुढं, पुन्हा मागं, आता तुळशीवृंदावन आडवं आलं. टिकाराम ओरडतोय, चंद्रकुमार हात हलवतोय, पोरं लाकडी बैल सोडून तमाशा पाहायला जमली. गाडी अशी तिरपी फसली की पुढंही जाईना आणि मागंही. मडगार्ड खांबापासून बोटभर अंतरावर, आणि धनंजयच्या कपाळावर घाम.

"भाऊ, डावं कापा... डावं... अवं थांबा, खांब लागते! उतरा, उतरा तुमी!"

हे कोण बोललं? डिंपल. हातातला पोळीचा उंडा तिनं सासूच्या हातात दिला, पदर खोचला, धनंजय उतरायच्या आत त्याच्या जागी बसली, सीट खटकन पुढं ओढली, आणि एका दमात, मान मागं वळवून, एका हातानं स्टिअरिंग फिरवत पॅकार्ड अशी रस्त्यावर काढली की खांबालासुद्धा कळलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं की मामाजी, म्हणजे सासरे, पाहून राहिले. इंजिन चालू ठेवूनच ती खाली मान घालून बसली.

टिकारामनं डिंपलकडं पाहिलं, सीटकडं पाहिलं, मग रुखमिणीकडं. रुखमिणी उंडा मळत होती. उभ्यानं, हवेत.

"किती दिवसांपासून?" त्यानं विचारलं.

"तुमच्या गुडघ्यापासून," रुखमिणी म्हणाली. लपवायचं काही उरलंच नव्हतं, तेव्हा तिनं सगळं सांगून टाकलं. करडी गावात, रुखमिणीच्या माहेरी, तिची मोठी बहीण सत्यभामाबाई अंथरुणाला खिळून आहे. पूर्वी टिकाराम गाडीनं न्यायचा, गुडघा गेला आणि जाणं थांबलं. बसनं जायचं तर दोन ठिकाणी बदला. म्हणून दुपारी टिकाराम जेवून आडवा झाला की डिंपल आणि ती निघायच्या. आवाजानं जाग येऊ नये म्हणून गल्लीतले लोक वळणापर्यंत गाडी लोटून द्यायचे. टिकाराम उठला की तुलाराम त्याला आपल्या ओसरीवर नेऊन पत्त्यांना बसवायचा आणि दिवेलागणीपर्यंत उठू द्यायचा नाही.

"म्हणजे तुलाराम..." टिकारामला भलताच संशय आला. "थो रोज हरून रायला थे..."

"मुद्दाम," रुखमिणी म्हणाली. "तुमाले काय वाटलं?"

हा घाव मात्र टिकारामच्या वर्मी बसला. वर्षभर तो पत्त्यांतली आपली अक्कल गावाला सांगत फिरत होता. त्याला राग आला, चांगलाच आला. "साऱ्या गावाले ठाव, अन् मले नाही? मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी काय म्हणले असते?"

तो काय म्हणाला असता ते त्याला माहीत होतं.

"बाईनं जू धरू नाही, असंच म्हणले असते ना?" रुखमिणीचा आवाज आता चढला. "अजी, थे बैल नोहे, गाडी होय. बैल असता तं माझ्या हातचं इतकं लोणी खाऊन मले ओळखलं तरी असतं त्यानं. माझी बहीण तिकडं मरून रायली अन् मी इथं तुमच्या जुवाकडं पाहत बसू? अन् वरतून जाहिरात देता, घरी चालवणारं कोणी नाही म्हणून! हे सून उभी होती तुमच्या सामने, थे काय कोणी नाही?"

टिकारामला आता रागाहून लाज जास्त वाटत होती. हळद लावून पुसलेलं ते स्टिअरिंग त्याला आठवलं, आणि गाडीतून उतरताना नव्या सुनेचं उतरलेलं तोंडही. तो काठी टेकत गाडीपाशी गेला, खिडकीवर वाकला.

"क्लच जड नाही जात, बाई?"

"जाते ना, मामाजी," डिंपल म्हणाली. "पण सवय झाली."

"दुसऱ्या गिअरात थोडी अडते थे."

"थोडं थांबून टाकलं का नाही अडत."

हे त्याला बापानं सांगितलं होतं आणि त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. तो सरळ उभा राहिला. "चंद्रकुमार, थे जाहिरात काढून टाक," म्हणाला, आणि धनंजयकडं वळला. "भाऊ, तुमचा दिवस वाया घालवला म्या. पँटही."

धनंजय भला माणूस. वाईट त्याला वाटलं, ते तोंडावर दिसत होतं, पण तो हसला. "गाडी नका देऊ, काकाजी. एक चक्कर तरी द्या."

"चला मंग करडीले," रुखमिणी म्हणाली. "आज राजरोस जाऊ."

पाहुणा म्हणून धनंजयला पुढं बसवलं, डिंपलच्या शेजारी. राहिली मागची जागा. दोन दारांची गाडी, पुढची पाठ दुमडून मागं शिरायचं. टिकाराम जन्मभर पुढं बसलेला माणूस, मागं शिरायचं कसं हेच त्याला ठाऊक नव्हतं. आधी डोकं घातलं, मग पाय अडकला, मग रुखमिणीनं मागून लोटलं. एकदाचा आत पडला. ती त्याच्या बाजूला येऊन बसली, सरावानं, एका हालचालीत.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना हिरवागार धान, डिंपल झोकात चालवत होती. पहिला खड्डा आला आणि टिकाराम ओरडला, "अगा माय! हे काय टोचून रायलं?"

"स्प्रिंग होय," रुखमिणी म्हणाली. "वर आली आहे."

"कधीपासून?"

"आपल्या लग्नाच्या दिवशी होती. त्याच्या आधीचं मले नाही माहीत."

टिकाराम तिच्याकडं पाहायला लागला.

"करडीहून तुमच्या घरापर्यंत त्याच्यावरच बसून आली मी. तुमी सामने चालवत होते. एकदा मागं वळून नाही पाह्यलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"नवी नवरी बोलते का? अन् मंग कोणी विचारलं नाही." तिनं खिडकीबाहेर पाहिलं. मग त्याचा हात ओढला. "सरका इकडं. तिथं मी बसतो, मले सवय आहे."

"राहू दे," टिकाराम म्हणाला.

करडी येईपर्यंत तो त्या स्प्रिंगवरून हलला नाही, आणि डिंपलनं एकही खड्डा चुकवला नाही.